खंयची गो तू?

हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, पण तिलाही मी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात कोलंबी सोलता सोलता तिने ते ऐकलं, एवढंच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आमच्या तारकर्लीत आपल्याला न ओळखणारा माणूस मिळणं कठीण.

पण आधी माझा त्रागा ऐका. तो खरा आहे, आणि तो ऐकल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मुंबईची नोकरी संपवून गावी आलो, माडांच्या सावलीत घरामागे दोन खोल्या बांधल्या आणि पर्यटकांना द्यायला लागलो. तेव्हापासून मी फक्त एकच काम करतोय — मी मीच आहे हे सिद्ध करण्याचं. गॅसला कार्ड. सिमला कार्ड. बँकेत गेलो की पुन्हा कार्ड, जसा काही मी गेल्या वर्षापासून दुसराच कोणी झालोय. पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला. खिडकीसमोर उभा राहून, घाम पुसत, जिवंत असल्याचा दाखला. आता ते मोबाइलवर आलंय म्हणे. कॅमेऱ्यात बघा, डोळे मिचकावा. या वयात मी सरकारला डोळे मारतो.

आणि बायकोचा अंगठा. ती दरवर्षी ओले काजू सोलते. त्या चिकाने बोटांची सालं जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र नाही म्हणतं. दुकानदार तिला वहिनी म्हणतो, आमच्या मुलाच्या लग्नात पंगतीत वाढायला होता — पण यंत्र नाही म्हणतं ना. मग ही दुसरं बोट ठेवते, तिसरं ठेवते, पदराला पुसून पुन्हा ठेवते. तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. एवढी माहिती घेता, ती जाते कुठे? बघतं कोण? विचारायची सोय नाही.

म्हणून मी भांडतो. कोणालाही कार्डाची झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवं पेनाने लिहितो — ‘फक्त अमुक कामासाठी’. खाली सही, तारीख. मागे लोक ताटकळतात, हसतात. वाडीत माझं नावच पडलंय. चहाच्या टपरीवर मी दिसलो की कोणीतरी म्हणतं, “गप रवा रे, प्रायव्हसी इलो.” मलाही ते नाव आवडायचं. आवडायचं काय — मिरवायचो मी ते.

खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणजे पाहुण्यांची ओळखपत्रं घ्यायची, त्यांची नोंद पोलीस ठाण्यात द्यायची. किनारपट्टी आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, मला समजतं. समुद्रातून काय येऊ शकतं ते सगळ्या देशाने बघितलंय. पण दर वेळी ती माहिती न्यायला हवालदार आला की मी त्याला पायरीवर उभा करून सुनवायचो. माणूस सुट्टीला आलाय, कुठे झोपतो ते तुम्हाला कशाला? सज्ञान माणसाने आपण कुठले, कोणाचे, हे सांगायचं की नाही हा त्याचा अधिकार आहे. हवालदार गरीब. “काय करायचं अण्णा, वरून ऑर्डर आसा,” म्हणायचा आणि बायकोने दिलेला चहा पिऊन जायचा.

सज्ञान माणसाचा अधिकार. हे शब्द माझेच, बरं का. लक्षात ठेवा.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. नवा माणूस भेटला की आम्ही त्याचं नाव विचारत नाही. “तुमचो गाव खंयचो?” हा पहिला प्रश्न. गाव कळला की वाडी. वाडी कळली की, मग अमक्याचे तुम्ही कोण? मग आजोळ, मग बायकोचं माहेर, मग देवस्थान. कुठेतरी धागा लागतोच, आणि तो लागेपर्यंत समोरच्याची सुटका नाही. धागा लागला की काय तो आनंद! मग चहा, मग जेवून जावा. यात वाईट काही आहे असं आमच्यापैकी कोणालाही कधी वाटलेलं नाही. मलाही नाही. सरकारने आठ रकाने भरायला सांगितले की मी बोंब मारणार, आणि स्वतः मात्र पाहुण्याची बॅग खाली ठेवायच्या आत त्याचं आजोळ काढणार. यात काही विसंगत आहे हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नाही.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरल्यावर, एक मुलगी आमच्याकडे राहायला आली. नाव सांगणार नाही. उशीर झालाय, पण निदान आता तरी नाही सांगणार. इकडे समुद्रात बुड्या मारायला शिकवतात — स्कूबा डायव्हिंग. पर्यटक येतात, कोणाचा तरी हात धरून खाली मासे बघतात, फोटो काढून घेतात आणि जातात. ही त्यासाठी आली नव्हती. तिला हात धरून नेणाऱ्यांपैकी व्हायचं होतं. त्याचं पुरतं शिक्षण असतं, परीक्षा असते. महिनाभर राहायची होती. लहानखुरी, सावळी, केस कायम ओले. संध्याकाळी विहिरीच्या पंपाखाली आपली पायात घालायची रबरी वल्ही गोड्या पाण्याने धुवायची आणि माडाला टेकवून ठेवायची. माझ्या बायकोशी तिचं जमलं. “पाण्याखाली श्वास कधी रोखायचा नाही, काकी,” असं तिला सांगायची. “चालू ठेवायचा. रोखला की घात.” बायको पोळ्या लाटता लाटता ऐकायची.

पहिल्याच संध्याकाळी मी विचारलं, “खंयची गो तू?”

“पुण्याची, काका.”

“ता झाला. मूळ गाव खंयचो?”

“पुणेच.”

आणि तिचं कार्ड माझ्या खिशातल्या फोनमध्ये होतं. नोंदीसाठी दुपारीच मी त्याचा फोटो काढला होता. त्यावर गाव होतं, वाडी होती. कुडाळवरून आत जाणारा रस्ता, एवढंच सांगतो. ती वाडी मी पायाखाली घातलेली. माझा मुंबईचा ऑफिसातला दोस्त तिथलाच. त्याच्या घरी फणस खायला आम्ही नवरा-बायको गेलो होतो. आडनावही तेच. बापाचं नाव वाचलं आणि लगेच कळलं — दोस्ताच्या भावाची मुलगी. धागा लागला होता. तो लागूनही ती मला पुण्याची म्हणत होती.

मला राग आला. हे स्पष्टच सांगतो, कारण पुढे जे केलं ते काळजीपोटी केलं असं मी कित्येकदा स्वतःला सांगून बघितलंय. काळजी नव्हती. माझ्या घरात राहते, माझ्या बायकोच्या हातचं जेवते आणि मला खोटं सांगते? मला? हवालदाराला ज्या पायरीवर मी अधिकार शिकवत होतो, त्याच पायरीवर ती बसली होती, आणि सांगायचं नाही हा तिचा अधिकार ती मुकाट्याने वापरत होती. मला तो अपमान वाटला.

मग मी काय करावं? आडून आडून विचारायला लागलो. तुमच्या तिकडे काजू यंदा कसा? गौरीला गावी जाता की नाही? ती हसून विषय बदलायची. मी पुन्हा दुसऱ्या वाटेने जायचो. चौकशी चालली होती माझी, साधी सरळ चौकशी. ठाण्यातसुद्धा एवढी होत नसेल.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तरी तीन आठवडे कसेबसे काढले. मग एका दुपारी, ती समुद्रावर गेलेली असताना, दोस्ताला फोन लावला.

“मेल्या, तुझी पुतणी माझ्याकडे जेवता आणि तू माका सांगूक नाय?”

हसत म्हटलं होतं मी. पलीकडे काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, “आमची? आमची पुण्याक कॉलेजात आसा.”

इथे थांबा. मी इथे नेहमी थांबतो. याच जागी मला कळलं होतं. त्या गप्प बसण्यातच मला सगळं कळलं — की घरी माहीत नाही, की पोरगी लपून आलीय, की आता आपण काय बोलू त्यावर तिचं पुढचं सगळं अवलंबून आहे. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, अरे मग दुसरीच कोणीतरी असेल, नावासारखं नाव असतं. एक वाक्य. तो मानायलाही तयार होता. त्याच्या आवाजावरून कळत होतं, त्याला ते मानायचंच होतं.

मी म्हटलं, “दुसरी कशी असेल? कार्ड माझ्यासमोर आसा.” आणि जन्मतारीख वाचून दाखवली.

“फोटो धाड बघया,” तो म्हणाला.

मी धाडला. स्वतःच्या झेरॉक्सवर आडव्या ओळी ओढणारा मी — तिचं कार्ड तसंच्या तसं पाठवलं. फक्त अमुक कामासाठी, असं काही लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? फक्त मी ओळखलं हे दाखवण्यासाठी?

फोन ठेवला तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कोलंबीची सालं चिकटलेली. “ह्या सांगूची काय गरज होती?” म्हणाली. मग मला कळलं की तिला सगळं माहीत होतं. गाव, वाडी, पुण्याचं अर्धवट सोडलेलं कॉलेज, घरच्यांचा पाण्याला विरोध. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलीने आपणहून सांगितलं होतं. माझ्या बायकोने तिला काहीच विचारलं नव्हतं, म्हणून.

फोनच्या दुसऱ्या दिवशी बाप आणि काका, म्हणजे माझा दोस्त, जीप घेऊन आले. बाप आरडाओरडा करणारा असता तर मला बरं पडलं असतं, निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. हलक्या आवाजाचा, थकलेला माणूस. समुद्रापासून लांबच्या गावातला. पाण्याकडे बघून बिचकणारा. मुलगी बुडेल, आणि नाही बुडाली तर लोक काय म्हणतील — दोन्ही भीती त्याच्या तोंडावर सारख्याच दिसत होत्या. फाटकापाशी मला बाजूला घेऊन त्याने हात जोडले. “उपकार झाले तुमचे.” मी ते घेतले.

ती समुद्रावरून आली, केस ओले, आणि दोघांना बघून उभीच राहिली. तुम्हाला कसं कळलं, एवढंच तिने विचारलं. माझा दोस्त शहाणा. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पोलिसांकडसून कळला.”

मी तिथेच होतो. खांबाला धरून उभा होतो.

शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. तिला शिकवणाऱ्यांनीसुद्धा फोन करून बापाला विनवलं. नाही म्हणजे नाही. तिने बॅग भरली. माडाला टेकवलेली वल्ही घ्यायला मागे गेली आणि न घेताच परत आली. पायऱ्या उतरताना माझ्यापाशी थांबली. डोळे लाल, पण आवाज अगदी धड होता. “तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं, काका,” म्हणाली. “ती माहिती द्यायलाच नको होती.”

तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. यावर काय बोलतात? मी मान हलवली.

इथवर सगळं मूर्खपणा म्हणून खपेल. पुढचं खपत नाही. कारण पुढे मी ती गोष्ट वापरली. आधी टपरीवर, मग देवळात, मग कुठेही. आमच्याकडे एक मुलगी राहायला होती बघा, सज्ञान मुलगी, तिची माहिती ठाण्यातून फुटली आणि तिचं आयुष्य बसलं. इतक्यांदा सांगितली, इतकी चांगली सांगितली, की सांगताना मलाच ती खरी वाटायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या हुबेहूब अशाच असतात. बोंब मारताना चोरालाही रडू येतं.

हवालदाराच्या कानावर गेलंच. एका सकाळी साध्या कपड्यांत आला. पायरीवर बसला नाही. “अण्णानू, देवाशपथ, त्या पोरीचो कागद मी उघडून बघूक पण नाय.”

आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “मगे सांगल्यान कोणी?”

तो तसाच फाटकातून परत गेला. नंतर तो चहाला थांबेनासा झाला. पुढे त्याची बदली झाली, सगळ्यांची होते तशीच. पण तो त्या पोरीच्या प्रकरणात गेला, असं वाडीत आजही म्हणतात. मी ते खोडून काढलेलं नाही.

गेल्या वर्षी तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, कॅमेरा बसवायचं निघालं. ग्रामसभेत मी उभा राहिलो. फुटेज कोण बघणार, किती दिवस ठेवणार, बघणाऱ्यावर लक्ष कोण ठेवणार — प्रश्न बरोबर होते, आजही मला ते बरोबरच वाटतात. वैताग त्याचाच आहे. मत खोटं असतं तर ते सोडून मोकळा झालो असतो. खरं मत, आणि ते माझ्यासारख्याच्या तोंडी. प्रश्नांनी कोणी हललं नाही. मग मी त्या मुलीची गोष्ट सांगितली आणि बायका डोळे पुसायला लागल्या. आधी नियम ठरवा, मग कॅमेरा, असा ठराव झाला. मला शाल दिली, नारळ दिला. घरी आलो तर बायकोने नारळ हातात घेतला नाही. मीच सोलला, मीच फोडला. त्याचं खोबरं कोणी खाल्लं मला आठवत नाही.

बायको माझ्याशी बोलत नाही असं नाही. सगळं बोलते. फक्त पाहुणे आले की पुढे होते आणि म्हणते, “कार्डां माझ्याकडे देवा.” यंत्र जिचा अंगठा ओळखत नाही, ती आता पाहुण्यांची ओळख सांभाळते. मी बॅगा उचलतो.

आणि या दिवाळीनंतर ती मुलगी पुन्हा आली.

फोन केला होता तिने, तीच खोली मिळेल का म्हणून. लग्न झालंय. कार्डावर आता दुसरं आडनाव, दुसरं गाव. एकटीच आली, दोन दिवसांसाठी. कुठल्याशा दवाखान्यात रिसेप्शनला बसते म्हणाली. सकाळी समुद्रावर गेली, पर्यटकांच्या रांगेत उभी राहिली आणि पर्यटक म्हणून खाली गेली. तिच्याबरोबर तेव्हा शिकत असलेला एक पोरगा आता तिथे शिकवतो. नियम आहे, म्हणून त्याने तिचा हात धरला. हे तिने हसत हसत सांगितलं, पायरीवर बसून, टॉवेलने केस पुसत. बायको तिच्यासाठी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करत होती.

आता सांगावं, असं मला वाटलं. घशापर्यंत आलं होतं. ती समोर होती, बायको आत होती, तिसरं कोणी नव्हतं. यापेक्षा बरी वेळ कुठली मिळणार होती?

तेवढ्यात ती म्हणाली, “काका, घरी सांगून आले नाहीये हं. दुसरीकडे कुठे राहायची हिंमत झाली नसती. तुम्ही आहात म्हणून आले. तुमच्याकडून कोणाला कळणार नाही, माहितीये मला.”

आत कालथ्याचा आवाज थांबला.

“अगो,” मी म्हटलं, “मी कोणाक कशाक सांगतलंय?”